सोबत काही जोडलेले नाही

कल्याणराव मिटकरींनी आयुष्यात कुठलाही धंदा परवान्याशिवाय केला नाही. तेलगावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं तेव्हा परवाना चौकटीत घालून गल्ल्याच्या वर टांगलेला असायचा. गिऱ्हाईक नवीन असलं की ते आधी तिकडं बोट दाखवायचे आणि मगच कपाशीची पिशवी काढायचे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली. परवाना मात्र चौकटीसकट मळ्यातल्या घरात आला आणि बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी जाऊन बसला. इतका कागदाचा माणूस. अशा माणसाला कागदानंच गोत्यात आणावं, आता ह्याला काय म्हणायचं?

पण आधी ह्यांच्या शेततळ्यात मासे कसे आले ते सांगायला हवं. मिटकरी म्हणजे लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी शिरलेलं नाही. मासे आणले ते त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी. चार वर्षांमागं त्या तेलगावच्या बाजारात भाजी आणायला गेल्या होत्या. तिथं एकाच्या पुढ्यात प्लास्टिकचं टप होतं, टपात चार बोटं पाणी, आणि त्या पाण्यात काळे, मिशांचे मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते. बाईंची भाजी राहिली बाजूला. त्यांनी आख्खं टप विकत घेतलं, मासे दुधाच्या कॅनमध्ये भरले, रिक्षात घालून मळ्यात आणले आणि शेततळ्यात ओतून दिले. कल्याणराव भडकले. स्वामी काय म्हणतील, सोयरेधायरे काय म्हणतील, असं बरंच बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "खायला न्हाई आणले. जगायला आणलेत."

पुढं ज्या बाजारी तो मासेवाला दिसेल त्या बाजारी कॅन भरून यायला लागला. वाण्यानं आता मासळीचं दुकान काढलं म्हणून तेलगावात थट्टा झाली. कल्याणरावांनी चार दिवस तोंड लपवलं आणि पाचव्या दिवशी स्वतःच कॅनची कडी धरली. मासेवाला यायचा बंद झाला तोवर तळ्यात पन्नासेक मासे होते. बाई रोज दुपारी चारला भाकरीचा चुरा घेऊन बांधावर बसायच्या, आणि मासे मिशा हलवत काठाशी यायचे.

मागच्या वर्षी नीलाबाई गेल्या. मुलगा बसवेश्वर पुण्याहून आला, सून वर्षाराणी आली, सगळं रीतीनं झालं. जाताना मुलगा बापाला बरोबर घेऊन गेला. पुण्यात कुणी काही कमी केलं नाही, पण सकाळी आठला घर रिकामं व्हायचं ते रात्रीच भरायचं, आणि भरलं तरी जो तो आपापल्या फोनमध्ये. वीस दिवसांनी कल्याणराव एस.टी. धरून परत आले. मळ्यात तरी काय होतं? बोलायला कुणी नाही. चहा एका कपाचा करायचा तर पातेलं मोठं, हे रोज नव्यानं कळायचं. त्यांना करमत नव्हतं, अजिबात करमत नव्हतं. पण पुरुषमाणसानं हे कुणाला सांगायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दिवसात एकच वेळ बरी जायची, दुपारी चारची. ते बांधावर आले की पाणी हलायचं. भाकरी संपली तरी मासे लगेच जायचे नाहीत, आणि कल्याणरावांचं बोलणंही लगेच संपायचं नाही. लाईट आठवडाभर रात्रपाळीची आहे, तुरीवर अळी पडलीय, पोराचा फोन येऊन गेला, असलं काहीबाही ते सांगत बसायचे. बायकोला तरी ह्याहून वेगळं काय सांगत होते?

अशात ग्रामसभेत कृषी सहायकानं सांगितलं की ज्यांच्या शेततळ्यात मासे असतील त्यांनी मत्स्य खात्याकडं नोंदणी करावी, परवाना घ्यावा. पाच-सात जणांच्या तळ्यांत मासे होते. एकानंही मनावर घेतलं नाही. कल्याणरावांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. चार वर्षं आपण विनापरवाना मासे ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज आणला, चष्मा पुसला आणि शेजारच्या मळ्यातल्या भागवतला साक्षीला बोलावून घेतलं.

नाव, गाव, गट नंबर, तळ्याची लांबी-रुंदी हे झरझर झालं. गाडी अडली 'माशाची जात' ह्या रकान्यावर. कल्याणरावांना माशातलं काही कळत नव्हतं आणि भागवत पडला माळकरी. दोघांनी मिळून जन्मात मासा चाखला नव्हता.

"वाणीच लिवा की," भागवत म्हणाला. "तुमच्या घरची भाकर खाऊन वाढलेत."

अर्जाच्या पाठीमागं बारीक अक्षरात नमुना दिला होता, त्यात 'उदा. रोहू' असं होतं. कल्याणरावांनी रोहू लिहिलं. मग नववा रकाना आला. मत्स्यपालनाचा उद्देश काय? विक्री, बीजोत्पादन, घरगुती वापर, इतर. पहिले दोन नव्हेत. घरगुती वापर म्हणजे खाणं, तेव्हा तेही नव्हे. राहिलं इतर, आणि त्यापुढं कंसात 'तपशील द्यावा'. खोटं लिहायची सवय नव्हती. कल्याणराव बराच वेळ पेन धरून बसले आणि मग त्यांनी सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला : सोबत.

महिन्याभरानं बीडहून पत्र आलं. 'आपल्या अर्जातील रकाना क्र. ९ मध्ये "सोबत" असे नमूद आहे. तथापि सोबत काहीही जोडलेले आढळून येत नाही. सबब त्रुटीची पूर्तता पंधरा दिवसांत करावी.'

कल्याणराव आधी हसले. एकटेच हसले, त्यामुळं हसू लवकर थांबलं. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. सोबत काहीही आढळून येत नाही. गोष्ट खरी होती. त्यांना वाटलं, गावाला, सोयऱ्यांना, पोटच्या पोराला जे दिसलं नाही ते बीडच्या ऑफिसातल्या कुणाला तरी दिसलं. ते पत्र त्यांनी दोन दिवस खिशात बाळगलं.

तिसऱ्या दिवशी ते बीडला गेले. बसस्टँडवरून रिक्षा केली आणि ऑफिसात जाऊन क्लार्कपुढं पत्र ठेवलं. सोबत म्हणजे जोडपत्र नव्हे, सोबत म्हणजे सोबत, मासे सोबतीला ठेवलेत, असं त्यांनी तीनदा समजावून सांगितलं. क्लार्क माणूस चांगला होता. तो हसला नाही, पण त्याची पंचाईत झाली. सोबतीसाठी मासे असा प्रकार त्याच्याकडं नव्हता. 'शोभिवंत मासे' असा होता, तो चालेल का, असं त्यानं विचारलं. कल्याणरावांना आपल्या माशांच्या मिशा आठवल्या. शोभेचं त्यांच्यात काही नाही, खोटं कशाला लिहायचं, असं ते म्हणाले. शेवटी क्लार्कनंच तोड काढली. माशांचा एखादा फोटो आणून जोडा, म्हणजे शब्दही तसाच राहील आणि त्रुटीही निघून जाईल.

फोटो काढायला दोन शाकाहारी माणसं तळ्यावर गेली तो प्रसंग बघण्यासारखा होता. मासा हातात धरायला दोघेही तयार नव्हते. कल्याणरावांनी भाकरीचा चुरा टाकला आणि भागवतनं पोटावर पालथं पडून, तुळशीची माळ पाण्यात बुडवत, मोबाईलवर फोटो काढले. एक झकास निघाला. उघडं तोंड, आठही मिशा मोजून घ्याव्यात असा. कल्याणरावांनी तो तेलगावात छापून घेतला, मागं आपली सही केली आणि अर्जाला टाचला. परवाना आला की त्याला चौकट करायची म्हणून खिळासुद्धा ठोकून ठेवला.

परवाना आला नाही. एका गुरुवारी सरकारी गाडी आली आणि गाडीतून तेजश्री मॅडम उतरल्या. मत्स्य खात्यातल्या अधिकारी, वय तिशीच्या आत, मूळच्या उमापूरच्या शेतकरी घरातल्या. कल्याणरावांना आनंद झाला. त्यांनी चहा टाकला, आणि त्या दिवशी पातेलं बरोबर मापाचं वाटलं. चहा घेऊन मॅडम तळ्यावर आल्या. कल्याणरावांचं पाऊल वाजलं तसे मासे काठाशी आले. मॅडमनी खाली वाकून बघितलं.

"काका, हा रोहू नाही," त्या म्हणाल्या. "हा परदेशी मांगूर आहे. याला बंदी आहे."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा मासा दिसेल ते खातो. एखाद्या मोठ्या पावसात तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात जाईल, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात, आणि मग तिथं दुसरा मासा शिल्लक राहत नाही. कल्याणरावांनी दंड भरायची तयारी दाखवली. नव्यानं अर्ज करतो म्हणाले. काय लागतील ते कागद जोडतो म्हणाले. मॅडम मान हलवत राहिल्या. ह्या माशाला परवाना मिळत नाही, कारण ह्याचा परवानाच नसतो. जगात एखादी गोष्ट अशी असेल की जिचा अर्जच करता येत नाही, हे कल्याणरावांच्या ध्यानात येईना. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी मॅडमनी सांगितलं की सोमवारी माणसं घेऊन येते, तोवर मोटर लावून पाणी उतरवून ठेवा, सगळे मासे काढून पुरावे लागतील.

गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "तुम्ही फोटो पाठवला नसता तर मला कळलंसुद्धा नसतं, काका." त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून म्हणाल्या. ते कल्याणरावांना चाकूसारखं लागलं. बायकोनं ज्यांना मरणाच्या टपातून उचलून आणलं, त्यांना आपण सही करून पकडून दिलं.

भागवत संध्याकाळी आला तो उपाय घेऊनच. म्हणाला, "चार मासे जुन्या हिरीत सोडा. कोण बघायलंय?"

जुनी विहीर बांधाच्या पलीकडं होती, वापरात नव्हती, पाणी बारमाही. चार मासे सहज राहिले असते. तळ्यापुढं उकिडवं बसण्याऐवजी विहिरीच्या कठड्यावर बसायचं, फरक एवढाच. कल्याणराव रात्रभर त्याच विचारात होते. परवान्याच्या चौकटीकडं पाठ करून ते पडून राहिले. शुक्रवारी त्यांनी कॅन धुऊन ठेवला. शनिवारी सकाळी बादलीला दोर बांधून विहिरीवर गेले.

पाण्यात डोकावले तर आतल्या पायऱ्यांवर बेडकं बसली होती, लहानमोठी, वीसेक तरी. माणसाची चाहूल लागताच टपाटप पाण्यात उतरली. कल्याणराव बघत राहिले. तळ्यावर बेडूक शेवटचा कधी ऐकला? दोन वर्षं ऐकला नव्हता. पाऊस कमी म्हणून असेल असं ते धरून चालले होते, आणि यंदा तर पाऊस चांगला होता. म्हणजे ती खात्यातली पोरगी खरं बोलत होती. त्यांना आपल्या माशांचा राग येईना, पण चार जिवांच्या सोबतीसाठी हे वीस जीव त्यांच्या तोंडी द्यायचे, हेही हातून होईना. नीलाबाईंना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. बादली तशीच घेऊन ते घरी आले आणि कॅन पालथा घालून ठेवला. रविवारी मुलाचा फोन आला. कसे आहात म्हणून त्यानं विचारलं, तर हे बराय म्हणाले.

त्या आठवड्यात लाईट दिवसपाळीची होती. सोमवारी सकाळी मोटर चालू केली. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याइतकं उतरलं आणि चार माणसं जाळं घेऊन तळ्यात उतरली. मळ्यात कितीतरी दिवसांनी एवढी माणसं होती, एवढा आवाज होता. माणसं चपळ होती, एकेक मासा क्रेटमध्ये पडत होता. मॅडम मोजून लिहून घेत होत्या. कल्याणराव काठावर उभे होते. त्यांचं पाऊल ओळखून काही मासे आपण होऊन त्यांच्या बाजूला आले, आणि त्यामुळं ते लवकर सापडले. हे लक्षात आल्यावर ते तिथून दूर झाले.

खड्डा कुठं घ्यायचा, असं माणसांनी विचारलं. पाण्यापासून लांब पाहिजे, असा नियम होता. मॅडमना हा विषय जड जात होता, त्या पुरण्याबद्दल काहीतरी समजुतीचं बोलायला लागल्या.

"त्याचं काई न्हाई," कल्याणराव म्हणाले. "आमच्यात जाळत न्हाईत. माणसाला बी पुरतेतच."

मग ते माणसांना मळ्याच्या वरच्या अंगाला लिंबाखाली घेऊन गेले. तिथं सिमेंटचा लहानसा चौथरा होता, त्यावर नीलाबाईंचं नाव होतं. चौथऱ्यापासून दहा पावलं मोजून त्यांनी टाचेनं रेघ ओढली. माणसांनी खणायला घेतलं.

मासे खड्ड्यात ओतले आणि इथं अडचण आली. हा मासा पाण्याबाहेर लवकर मरत नाही. अर्धा तास झाला तरी खड्डा हलत होता. एकानं चुन्याची गोणी फोडली आणि दुसऱ्यानं फावडं उचललं. कल्याणराव मध्ये जाऊन उभे राहिले.

"जित्यावर माती टाकायची न्हाई," ते म्हणाले.

माणसं मॅडमकडं बघायला लागली. मॅडमनी घड्याळ बघितलं. पाच वाजायला आले होते. पुढं आणखी एका गावी जायचं होतं, गाडी परत जमा करायची होती. शिवाय पंचनाम्यावर मालकाची सही लागणार होती, आणि पंचनामा तर लिहून तयार होता. 'सर्व मासे माझ्या समक्ष नष्ट करून पुरण्यात आले.' त्या हळूच म्हणाल्या, "काका, ह्यांना अजून दोन-तीन तास लागतील. तुम्ही घरी जा, बघू नका."

"बाई, मी थांबतो. तुमी जावा," कल्याणराव म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, जे त्यांनी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या पोरीला सांगितलं. "नीलाबाई गेली तवा मी दवाखान्यात खाली खिडकीवर गेलतो. योजनेच्या कागदावर शिक्का पायजे हुता. माझा नंबर सतरावा. शिक्का घेऊन वर आलो तर ती गेलेली. तिच्यापाशी कुणीच नव्हतं."

गाडीच्या ड्रायव्हरनं लांबून हॉर्न दिला. कल्याणरावांनी हात पुढं करून पंचनामा मागितला. आयुष्यात त्यांनी न वाचता कशावर सही केली नव्हती, आणि खोट्यावर तर कधीच केली नव्हती. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. पाठीमागं खड्ड्यात मासे हलत होते. नष्ट करून पुरण्यात आले, ह्याच्याखाली त्यांनी पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली आणि कागद परत दिला.

मॅडमनी सहीकडं बघितलं, मग खड्ड्याकडं बघितलं. चुन्याची गोणी आणि एक फावडं मागं ठेवायला त्यांनी माणसांना सांगितलं. रोहूचं बी पुढच्या महिन्यात येणार आहे, तुमचं नाव लावू का, असंही विचारलं. कल्याणराव नको म्हणाले.

गाडी गेली. धूळ खाली बसली. कल्याणराव खड्ड्याच्या काठाशी मांडी घालून बसले. भाकरी आणली नव्हती, म्हणून नुसतंच बोलत राहिले. तुरीचं बोलले, मोटरचं बोलले, पोराच्या फोनचं बोलले. हलणं कमी होत गेलं. एक मोठा मासा बराच वेळ तोंड उघडत-मिटत होता, तोवर ते बोलायचे थांबले नाहीत. मग तोही निवला. ते आणखी थोडे बसले, उठले, कपाळावरचं भस्म बोटानं पुसून खाली सोडलं, चुना टाकला आणि फावड्यानं माती ओढायला लागले. हात म्हातारे होते आणि खड्डा मोठा होता. घरी कुणी वाट बघत नव्हतं, त्यामुळं घाईही नव्हती.